वाचकांचे प्रश्न : पाँटून बोट, मरीनातली स्लिप आणि लिफ्ट

जॉर्जियातल्या लेक लॅनियरच्या दक्षिणेला, कमिंग, अल्फारेटा, जॉन्स क्रीक या परिसरात मराठी कुटुंबे बरीच आहेत आणि त्यांपैकी काहींनी अलीकडे पाँटून बोटी घेतल्या आहेत. ॲल्युमिनियमच्या दोन किंवा तीन लांब बंद नळकांड्यांवर बसवलेला सपाट तक्ता, त्यावर कठडा, सोफे आणि उन्हासाठी कापडी छत, असे या बोटीचे रूप असते. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांना एकत्र बसता येते, म्हणून आपल्या लोकांना ती आवडते. बोट घेणे सोपे असते. ती ठेवायची कशी, हा प्रश्न नंतर येतो. मरीना म्हणजे पाण्याकाठचा बोटी ठेवायचा तळ, स्लिप म्हणजे तिथली एका बोटीची जागा आणि लिफ्ट म्हणजे स्लिपमध्ये बोटीला पाण्याबाहेर उचलून धरणारे यंत्र. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काही निवडून आणि संक्षिप्त करून येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आम्ही चोवीस फुटी, तीन नळकांड्यांची पाँटून बोट घेतली असून लॅनियरवरील एका मरीनात छप्पर असलेली बारा फूट रुंद स्लिप मिळाली आहे. माहितीपत्रकात बोटीचे वजन २,७०० पौंड दिले आहे. विक्रेता म्हणतो की ४,००० पौंड क्षमतेची लिफ्ट भरपूर झाली. ती घ्यावी का?
— एक वाचक, कमिंग

उत्तर : आमच्या मते घेऊ नये, निदान त्या आकड्यावर विसंबून तरी नाही. माहितीपत्रकातले वजन बहुधा कोरड्या बोटीचे असते. त्यात इंजिन धरलेले आहे की नाही, हे विक्रेत्याला विचारून लेखी घ्या. पुष्कळदा ते धरलेले नसते. दीडशे अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक इंजिन साधारण ४७५ पौंडांचे असते. चाळीस गॅलनची टाकी भरली की पेट्रोलचे सुमारे २४० पौंड होतात. बॅटरीचे ६०, आणि नांगर, साखळी, दोर, लाइफ जॅकेट, बर्फाची पेटी, मुलांच्या हवेच्या ट्यूब असा जो संसार बोटीत जमतो आणि सहसा परत घरी जात नाही, त्याचे किमान ३०० पौंड धरा. बेरीज ३,७७५ पौंडांवर जाते. उरले सव्वादोनशे. नळकांड्याच्या एखाद्या सांध्यातून तीस गॅलन पाणी आत शिरले, तरी अडीचशे पौंड वजन वाढते, कारण एक गॅलन पाणी ८.३ पौंडांचे असते. म्हणजे एका लहानशा गळतीने लिफ्टची क्षमता संपते, आणि अशी गळती आहे हे बाहेरून दिसतही नाही. प्रत्यक्ष भरलेल्या वजनावर आम्ही निदान वीस टक्के जास्त धरतो. त्या हिशेबाने तुम्हाला साडेचार हजारांच्या पुढची, म्हणजे पाच हजारांच्या आसपासची लिफ्ट पाहावी लागेल.

तरीही लगेच मोठी लिफ्ट मागवू नका. लिफ्ट बोटीला बसते की नाही यापेक्षा ती स्लिपला बसते की नाही हा प्रश्न आधीचा आहे, आणि आमच्याकडे आलेल्या बहुतेक तक्रारींचे मूळ हा क्रम उलटा झाल्यात आहे. तुमच्या बोटीची रुंदी साडेआठ फूट असणार. बारा फुटी स्लिपमध्ये दोन्ही बाजूंना जेमतेम पावणेदोन फूट उरतात. जी लिफ्ट घ्याल तिची चौकट आणि बाजूचे मार्गदर्शक खांब त्यातच मावले पाहिजेत. दोन बोटींमध्ये आडवा पाट नसलेली जोड-स्लिप असेल, तर लिफ्टचा एखादा भाग शेजाऱ्याच्या अर्ध्यात जाणार नाही हेही पाहावे लागते. छपराचीही उंची मोजा. लिफ्ट बोटीला पाण्यातल्या पातळीपेक्षा दोन-तीन फूट वर नेते, आणि त्या वेळी कापडी छताची नळ्यांची चौकट उघडी राहिली तर ती थेट छपराच्या लोखंडी कैच्यांना जाऊन भिडते. वॉटर-स्कीइंगसाठी दोर बांधायची कमान असेल, तर ती दुमडतच नाही. म्हणून उंची कमानीच्या माथ्यापासून मोजायला हवी.

लॅनियर हा चॅटाहूची नदीवरच्या ब्यूफर्ड धरणाचा जलाशय आहे आणि त्याचा ताबा अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाकडे, म्हणजे इथे सगळे नुसते 'कोअर' म्हणतात त्या खात्याकडे आहे. मरीना या खात्याकडून भाडेपट्ट्याने घेतलेल्या जागेवर चालतात. जलाशयाची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून १,०७१ फूट मानली जाते आणि हिवाळ्यात ती १,०७० फूट ठेवली जाते; पण २००७ च्या दुष्काळात, डिसेंबरमध्ये, पाणी १,०५१ फुटांच्या खाली गेले होते, म्हणजे वीस फुटांची उतरण झाली होती. पाणी असे उतरत-चढत असल्यामुळे येथील डॉक, म्हणजे बोटी बांधायचे धक्के, तरंगते असतात आणि पाणी ओसरले की ते दोरांनी किंवा विंचने खोल भागाकडे सरकवले जातात. आता लिफ्टला खाली किती पाणी लागते ते पाहा. लिफ्टच्या हवेच्या टाकीची उंची सुमारे दोन फूट, वर चौकट आणि बोट टेकते त्या फळ्या, आणि त्यावर बोटीच्या नळकांड्यांचा बुडालेला भाग. उत्पादक देईल तो आकडा अंतिम माना, पण साधारण पाच फूट पाणी वर्षातल्या सर्वांत कोरड्या महिन्यातही लागेल, असे धरून चला. कडेच्या उथळ स्लिपचे भाडे कमी असते, ते उगाच नव्हे.

मरीनाच्या कार्यालयात जाऊन तीन गोष्टी लेखी विचाराव्यात : कोणत्या प्रकारची लिफ्ट चालते, वीज कोणी जोडायची, आणि डॉक सरकवताना किंवा स्लिप सोडताना लिफ्ट काढण्याचा खर्च कोणाचा. यातला पहिला मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. लिफ्टचे ढोबळ दोन प्रकार आहेत. एकात बोट पोलादी दोरांवर, डॉकच्या चौकटीला किंवा छपराच्या तुळयांना टांगली जाते. सगळे वजन डॉकवर येते, आणि तरंगता डॉक त्या कोपऱ्यात खचतो. दुसऱ्यात हवेच्या टाक्या स्वतःच बोट तोलून धरतात आणि डॉकला फक्त आडव्या बाहूंनी जोडलेल्या असतात. तरंगत्या डॉकवर दुसराच प्रकार रास्त आहे. कोणी स्वस्तात टांगती लिफ्ट देऊ केली, तरी मरीनाची परवानगी हातात पडेपर्यंत एक पैसाही देऊ नका.

प्रश्न : स. न. वि. वि. माझी मुलगी आणि जावई जॉर्जियात राहतात. त्यांनी पाठवलेल्या चित्रफितीत एक लहानशी पेटी घरघरते आणि चार-पाच मिनिटांत सगळी बोट पाण्याबाहेर येते. मी निवृत्त यंत्र-अभियंता आहे. साखळी नाही, कप्पी नाही, हायड्रॉलिक दांडा नाही. मग दोन टनांची बोट उचलली कशी जाते?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्यासारख्या वाचकाला उत्तर देण्यात आनंद आहे. बोटीखाली पाण्यात प्लॅस्टिकच्या किंवा फायबरग्लासच्या मोठ्या पोकळ टाक्या असतात आणि त्यांच्या तळाला भोके असतात. टाक्यांत पाणी भरलेले असले की चौकट खाली बुडते आणि बोट तिच्यावर सहज तरंगत येते. मग ती पेटी, म्हणजे ब्लोअर, नळीवाटे टाक्यांच्या वरच्या भागात हवा ढकलतो, तळाच्या भोकांतून पाणी बाहेर पडते आणि आर्किमिडीजच्या नियमाने सगळा डोलारा वर येऊ लागतो.

आकडे पाहिले की आपली शंका फिटेल. बोट ३,८०० पौंडांची आणि पोलादी चौकट हजार पौंडांची धरली, तर ४,८०० पौंड उचलायचे आहेत. एक घनफूट गोड्या पाण्याचे वजन ६२.४ पौंड असते. म्हणजे सुमारे ७७ घनफूट पाणी बाजूला सारले की काम झाले. त्यासाठी लागणारा दाब मात्र अगदी थोडा असतो : पाण्याच्या दर फूट खोलीला ०.४३३ पौंड प्रति चौरस इंच, म्हणजे चार फूट खोलीवरही पावणेदोन पौंडांच्या आत. मोटारीच्या चाकात आपण बत्तीस ते पस्तीस पौंड हवा भरतो. म्हणूनच येथे हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरची गरज नसते. भरपूर हवा आणि थोडा दाब देणारा ब्लोअर पुरतो. उतरवताना तर विजेचेही काम नाही. झडप उघडली की बोटीच्या वजनानेच हवा निघून जाते आणि टाक्यांत पुन्हा पाणी शिरते.

अडचण असते ती समतोलाची. टाकी अर्धी हवेने आणि अर्धी पाण्याने भरलेली असताना आतले पाणी खालच्या बाजूकडे धावते आणि कल आणखी वाढतो. जहाजबांधणीतली ही जुनीच डोकेदुखी आहे. त्यावर उपाय म्हणून लिफ्टला डॉकशी जोडणारे समांतर बाहू असतात, जे चौकटीला तिरपी होऊ देत नाहीत. इंजिन मागे असल्यामुळे पाँटूनचा गुरुत्वमध्य मधोमध नसून मागच्या बाजूला असतो, त्यामुळे बोट लिफ्टवर किती आत घ्यायची हे ठरवून मार्गदर्शक खांबावर ठळक खूण करावी लागते. आपल्या जावईबापूंनी अशी खूण केली आहे का, हे त्यांना अवश्य विचारा.

प्रश्न : मुले आमच्याच स्लिपवरून पाण्यात उड्या मारतात. लिफ्टचा ब्लोअर डॉकवरच्या विजेवर चालतो. त्याला ब्रेकर आहे. यात काही धोका आहे का?
— एक वाचक, अल्फारेटा

उत्तर : आहे, आणि तो इतका आहे की आज संध्याकाळपासूनच या उड्या बंद कराव्यात, असे आम्ही स्पष्टपणे सांगतो. मरीनाच्या आत पोहणे ही गोष्ट ब्रेकर चांगला असो वा वाईट, कधीच करू नये.

गोडे पाणी विजेचे वाईट वाहक आहे. आपल्या शरीरात क्षार असल्यामुळे शरीर त्यापेक्षा बरे वाहक ठरते. डॉकवरच्या एखाद्या सदोष तारेतून किंवा बोटीतल्या चार्जरमधून घरगुती वीज पाण्यात झिरपली, तर जवळून पोहणाऱ्या माणसाच्या अंगातून जाणारी वाट तिला सोपी पडते. खाऱ्या पाण्यात हा धोका पुष्कळ कमी असतो, कारण तिथे पाणीच जास्त चांगले वाहक असते. म्हणूनच मुंबई-गोव्याच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला ही गोष्ट ऐकूनही खरी वाटत नाही. दहा-पंधरा मिलीअँपिअर प्रवाहाने स्नायू आकसतात, हात-पाय हलेनासे होतात आणि माणूस बुडतो. अंगावर भाजल्याची खूण राहतेच असे नाही, त्यामुळे असे मृत्यू कित्येकदा साधे बुडणे म्हणून नोंदले जात. इंग्रजीत याला इलेक्ट्रिक शॉक ड्राउनिंग म्हणतात. ४ जुलै २०१२ या एकाच दिवशी मिसुरीतल्या लेक ऑफ द ओझार्क्समध्ये आणि टेनेसीतल्या चेरोकी लेकमध्ये डॉकजवळ पोहणारी मुले अशी दगावली. आपल्या लॅनियरवरही जुलै २०२३ मध्ये डॉकवरून उडी मारलेल्या एका तरुणाचा विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला.

तुम्ही म्हणता तो साधा ब्रेकर तार तापून आग लागू नये म्हणून असतो. तो पंधरा किंवा वीस अँपिअरला तुटतो, आणि माणूस मारायला त्याचा हजारावा भागही पुरतो. येथे लागते ती जमिनीकडे गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडणारी यंत्रणा. न्हाणीघरातल्या किंवा ओट्याजवळच्या ज्या प्लगवर तपासणीचे छोटे बटण असते, तो चार ते सहा मिलीअँपिअरला तुटतो. तसेच संरक्षण ब्लोअरच्या प्लगला हवे. मरीनाच्या मुख्य वीजपुरवठ्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेच्या २०१७ च्या आवृत्तीत ३० मिलीअँपिअरची मर्यादा आली; पुढच्या आवृत्त्यांत तिचे तपशील बदलले. मात्र त्याआधी उभारलेल्या डॉकवर ती आपोआप लागू झालेली नाही, म्हणून जुन्या मरीनात हा प्रश्न मुद्दाम विचारावा. तपासणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. एक्स्टेंशन कॉर्डवर ब्लोअर कधीही चालवू नये. ब्लोअरची पेटी लाटेचे पाणी पोहोचणार नाही इतकी उंच असावी, आणि तिच्यातली सगळी जोडणी परवानाधारक विद्युत कारागिराकडूनच करून घ्यावी. शेजारचे काका कितीही हुशार असले तरी त्यांच्याकडून नको.

पाण्यात असताना अंगाला मुंग्या आल्यासारखे वाटले, तर डॉकची धातूची शिडी पकडायला जाऊ नये, डॉकपासून दूर पोहत जावे आणि ओरडून वीज बंद करायला सांगावे. वर असलेल्यांनी आधी मुख्य कळ बंद करावी आणि तरंगते चाक किंवा दोर फेकावा. वाचवण्यासाठी पाण्यात उडी घेणारा माणूसच पुढचा बळी ठरतो, असे अनेकदा घडले आहे. नातवंडांना सांभाळण्यासाठी भारतातून आजी-आजोबा आले असतील, तर त्यांनाही मुख्य कळ कुठे आहे हे दाखवून ठेवा. मुलांना पोहायचे असेल, तर बोट घेऊन मोकळ्या खाडीत जा आणि इंजिन बंद करून मगच त्यांना पाण्यात सोडा.

प्रश्न : शार्लटजवळ लेक नॉर्मनवर आम्हाला एक स्लिप मिळते आहे. आधीचे स्लिपधारक त्यांची जुनी लिफ्टही स्वस्तात देत आहेत. त्यांची बोट फायबरग्लासची, टोकदार तळाची होती. आमची दोन नळकांड्यांची पाँटून आहे. लिफ्ट घ्यावी का?
— एक वाचक, शार्लट

उत्तर : टाक्या आणि चौकट चांगली असतील, तर घ्यायला हरकत नाही, पण वरच्या फळ्या, ज्यांना येथे बंक म्हणतात, त्या तशाच वापरता येणार नाहीत. टोकदार तळाची बोट मधल्या भागात दोन तिरप्या फळ्यांवर बसते. पाँटूनच्या मधल्या भागात काहीच नसते. त्या फळ्यांवर तुमची बोट चढवली, तर वजन नळकांड्यांच्या आतल्या कुशीवर, म्हणजे जिथे पत्रा पातळ आणि आधार कमी असतो तिथे येईल, आणि पत्रा आत चेपेल. प्रत्येक नळकांड्याच्या तळाशी लांबीभर एक जाड पट्टी जोडलेली असते. वजन त्या पट्टीवर आणि शक्यतो लांबीच्या बऱ्याच भागावर पसरून आले पाहिजे. दोन नळकांड्यांच्या मध्यांतले अंतर बोट ट्रेलरवर असतानाच टेपने मोजा आणि फळ्या तितक्याच अंतरावर बसवून घ्या. तीन नळकांड्यांच्या बोटीत मधले नळकांडे कित्येकदा बाकीच्यांपेक्षा खाली उतरलेले असते. त्याचाही हिशेब करावा लागतो.

आता एका अशा गोष्टीकडे लक्ष द्या जी जुन्या लिफ्ट विकणारे सांगत नाहीत, कारण बहुतेकांना ती माहीतच नसते. बंकची फळी कोणत्या लाकडाची आहे? दुकानात मिळणारे, हिरवट झाक असलेले, न कुजणारे लाकूड तांब्याच्या क्षारांनी भिजवलेले असते. त्यावर गालिच्याचा तुकडा ठोकलेला असतो आणि तो महिनोन्महिने ओलाच राहतो. ओले तांबे आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागले की ॲल्युमिनियम झिजते. नळकांड्याच्या तळाला सुईने टोचल्यासारखे खड्डे पडू लागतात आणि त्यांतले काही आरपार जातात. जुनी फळी उचलून गालिचा बाजूला करा. खाली लाकूड हिरवट दिसले, तर ती फळी फेकून द्या. प्लॅस्टिकची किंवा ॲल्युमिनियमची बंक, नाहीतर क्षार नसलेल्या लाकडावर जाड प्लॅस्टिकची पट्टी, असे पर्याय आहेत.

टाक्यांची परीक्षा सोपी आहे. लिफ्ट पूर्ण वर आणून ब्लोअर बंद करा, पाण्याची रेषा जिथे लागते तिथे चारही कोपऱ्यांवर चिकटपट्टी लावा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाहा. रात्रीच्या गारव्याने हवा थोडी आक्रसते, त्यामुळे सगळे कोपरे सारखेच किंचित खाली गेले तर काळजी नको. एकच कोपरा खाली गेला असेल, तर त्या टाकीची नळी किंवा झडप गळते आहे. उन्हाने कडक होऊन तडकलेल्या रबरी नळ्या स्वस्त असतात. त्या सगळ्याच बदला. तडकलेली टाकी किंवा जस्ताचा मुलामा जाऊन पापुद्रे सुटलेली चौकट मात्र दुरुस्त करत बसण्याजोगी नसते. तशी असेल तर सौदा सोडून द्यावा. लेक नॉर्मनच्या किनाऱ्यावरच्या बांधकामांना ड्यूक एनर्जी या वीज कंपनीचे नियम लागतात, तेव्हा लिफ्ट मूळची परवानगीनुसार बसवली होती का, हे मरीनाकडून समजून घ्या.

प्रश्न : लिफ्ट खरोखर लागते का? शेजारच्या बऱ्याच बोटी पाण्यातच बांधलेल्या दिसतात.
— एक वाचक, जॉन्स क्रीक

उत्तर : दर वेळी ट्रेलरवरून बोट आणत असाल, किंवा ती फक्त उन्हाळ्याचे चार महिने पाण्यात ठेवून नंतर बाहेर काढत असाल, तर लागत नाही, ते पैसे इंजिनाच्या देखभालीवर खर्च करा. बोट वर्षभर स्लिपमध्ये राहणार असेल, तर आम्ही लिफ्टच्या बाजूने आहोत. पाण्यात राहिलेल्या नळकांड्यांवर शेवाळाचा थर बसतो आणि पाण्याच्या रेषेवर असा डाग पडतो, जो काढायला आम्ल वापरावे लागते. फायबरग्लासच्या बोटींना शेवाळ धरू नये म्हणून तांब्याचा रंग लावतात. तो ॲल्युमिनियमला लावता येत नाही, त्याचे कारण वरच्या उत्तरात आलेच आहे. शिवाय मरीनात शेजारच्या बोटींच्या विजेच्या जोडण्यांतून जे छुपे प्रवाह पाण्यात फिरतात, ते ॲल्युमिनियम खातात. ते टाळण्यासाठी बोटीला बळीचा धातू, म्हणजे ॲल्युमिनियमऐवजी स्वतः झिजणारा तुकडा, जोडतात. गोड्या पाण्यात तो मॅग्नेशियमचा असावा, जस्ताचा येथे काम करत नाही. पावसाळ्यापूर्वी होड्या ओढून शाकारून ठेवणाऱ्या कोकणातल्या माणसाला लिफ्टचा हेतू समजावून सांगावा लागणार नाही.

प्रश्न : आमचे मिनेसोटातले मित्र त्यांची लिफ्ट आम्हाला देत आहेत. आम्ही त्याच राज्यात दुसऱ्या तळ्यावर आहोत. ती तशीच उचलून आणता येईल का?
— एक वाचक, मिनिआपोलिस

उत्तर : तशीच नाही. मिनेसोटात एका तळ्यातली लिफ्ट किंवा डॉक दुसऱ्या पाण्यात टाकण्यापूर्वी २१ दिवस पाण्याबाहेर कोरडी ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे, कारण झेब्रा शिंपल्यांसारखे परके जीव याच मार्गाने तळ्यातून तळ्यात पसरतात. तुमच्याकडे बहुधा तळाशी पाय टेकून उभी राहणारी लिफ्ट असेल. बर्फ धरण्यापूर्वी ती बाहेर काढावीच लागते, आणि त्या वेळी मित्रांकडून घेतली तर कोरडे ठेवण्याची अट हिवाळ्यात आपोआप पुरी होते.

प्रश्न : गेल्या वादळात आमच्या लिफ्टवरची बोट तिरकी झाली आणि डॉकवरचा एक खुंटा उपटून निघाला. बोट चारही बाजूंनी घट्ट बांधली होती. चूक कुठे झाली?
— एक वाचक, कमिंग

उत्तर : चारही बाजूंनी घट्ट बांधण्यातच. लिफ्टवरची बोट ही डॉक, लिफ्ट आणि पाणी अशा तीन हलत्या गोष्टींमध्ये असते. दोर ताठ असला की लाटेने लिफ्ट वर उसळते तेव्हा सगळा ताण एका खुंट्यावर येतो. दोर बांधावेत, पण त्यांना हातभर ढील असावी. आणि लिफ्ट चढवण्यापूर्वी किंवा उतरवण्यापूर्वी डॉकला बांधलेला प्रत्येक दोर सोडलेला आहे ना, हे फेरी मारून पाहावे. एक दोर विसरला की बोट त्या बाजूला अडकते, बाकीची वर जाते आणि सोफ्यावरचे सामान पाण्यात जाते. लिफ्ट हलत असताना बोटीत कोणी बसू नये, हे वेगळे सांगायला नको. वादळाचा इशारा असेल तर कापडी छत काढून घडी करून ठेवा, कारण पाँटूनचे कठडे आधीच पुष्कळ वारा धरतात, आणि वर उचललेली बोट तो अधिकच धरते. पुढचे टोक मागच्यापेक्षा किंचित उंच राहील असे बंक लावले, तर तक्त्यावरचे पावसाचे पाणी मागे वाहून जाते. नाहीतर गाद्यांखाली पाणी साचून वजनही वाढते आणि कुजकट वासही येतो. उपटलेला खुंटा मरीनाला कळवून त्यांच्याकडूनच बसवून घ्या. त्याखालचे लाकूड भुसभुशीत झाले असेल, तर नवे स्क्रूही टिकणार नाहीत.

प्रश्न : हिवाळ्यात लिफ्टवर बोट ठेवताना इंजिन वर उचलून ठेवावे की खाली?
— एक वाचक, गेन्सव्हिल

उत्तर : खाली, सरळ उभे. इंजिन तिरपे उचलून ठेवले की त्याच्या पोटात पाणी राहते, आणि जॉर्जियातही जानेवारीत काही रात्री पाणी गोठण्याइतकी थंडी पडते. गोठलेले पाणी फुगून इंजिनाचा ठोकळा किंवा पंपाचे आवरण फोडू शकते. लिफ्ट वर आली की इंजिन पूर्ण खाली करा, सगळे पाणी निथळू द्या आणि ते तसेच राहू द्या. मात्र लिफ्ट इतकी उंच हवी की इंजिनाच्या पंख्याखालचे टोक पाण्याला टेकणार नाही. टेकत असेल, तर ब्लोअर आणखी थोडा वेळ चालवा. तेवढ्यानेही टोक पाण्यातच राहत असेल, तर बंक एक भोक वर सरकवून घ्या.